पॅरिसचा ऋतू आणि मांडवातला चेहरा

सप्टेंबर संपता संपता, आपल्याकडे पितृपंधरवडा उरकून घटस्थापनेची गडबड सुरू होते त्या सुमाराला, पॅरिसमध्ये पुढच्या उन्हाळ्याचे कपडे रनवेवर येतात. आधी न्यूयॉर्क, मग लंडन, मग मिलान आणि शेवटी पॅरिस असा हा महिनाभराचा फेरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तोच फेरा पुन्हा, तेव्हा थंडीचे कपडे. त्याखेरीज जानेवारीत आणि जुलैत पॅरिसला कुट्यूरचे शो असतात, गिऱ्हाइकाच्या मापाने हातांनी शिवलेल्या कपड्यांचे. सहा महिने आधी दाखवण्याचं कारण साधं व्यवहाराचं आहे. दुकानांचे खरेदीदार शो बघून मागणी नोंदवतात, मग कापड येतं, शिलाई होते, माल रवाना होतो. कपडा दुकानाच्या काचेत लागेपर्यंत ऋतू दारात आलेला असतो.

माझा सीझन याच्या उलटा चालतो. मी नवरीचे मेकअप करते. पुण्यात जास्त, पण साताऱ्या-सांगलीकडेही जाणं होतं. तुळशीचं लग्न लागलं की माझी लगीनसराई सुरू. पौषात जरा उसंत, मग माघ-फाल्गुन, आणि वैशाखात तर जेवायची शुद्ध नसते. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की ब्रश धुऊन, वाळवून, गुंडाळून ठेवायचे. जुलैचं कुट्यूर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचे मोठे शो नेमके या मोकळ्या महिन्यांत येतात, म्हणून ते मी निवांत, रात्र जागून बघते. ऑक्टोबरात पॅरिसमध्ये रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेअकरा झालेले असतात. २०२५ मध्ये डिझायनर माथ्यू ब्लाझीचा शनेल या फ्रेंच फॅशन घरासाठीचा पहिला शो ६ ऑक्टोबरला, ऐन कोजागरीला होता. तिकडे ग्रां पॅलेच्या काचेच्या छताखाली मोठमोठे ग्रहगोल टांगलेले, आणि इकडे आमच्या गच्चीत आटवलेलं दूध चंद्राखाली. दोन्हीकडे माणसं मान वर करून बघत होती, याचं मला फार अप्रूप वाटलं.

मुंबईचा लॅक्मे फॅशन वीक अनेक वर्षं ‘समर-रिझॉर्ट’ आणि ‘विंटर-फेस्टिव्ह’ अशा दोन सीझनांत भरत आला. ही वाटणी मला शहाणपणाची वाटते. आपल्याकडे नवा कपडा थंडी पडली म्हणून कुणी घेत नाही, तो दसऱ्या-दिवाळीला आणि लग्नकार्याला घेतला जातो. मेकअपचंही तसंच आहे. पॅरिसचा ‘स्प्रिंग’ चेहरा म्हणजे गालांवर ओलसर गुलाबी आणि पापण्यांवर फिका रंग. तो वैशाखातल्या मंगल कार्यालयात, पंखे गरगर फिरत असताना, किती तग धरेल हे मला आधी बघावं लागतं.

शो मी बघते ते मुख्यतः चेहऱ्यांसाठी. कपड्यांवरही जीव आहे, पण मॉडेल कॅमेऱ्याच्या अगदी जवळून जाते त्या दोन-तीन सेकंदांत माझी नजर तिच्या गालाच्या हाडावर, नाकाच्या कडेला, कानामागे असते. तिथेच मेकअपचा हात कळतो. रनवेच्या मागे काम कसं चालतं तेही मला तितकंच ओढून घेतं. मुख्य मेकअप आर्टिस्ट शोच्या आधी डिझायनरसमोर एका मॉडेलवर चेहरा बसवून दाखवते. तो पसंत पडला की त्याचा फेस चार्ट, म्हणजे कागदावरचा नकाशा, बनतो, आणि मग तिची सहायकांची मोठी टोळी थोड्या तासांत तोच चेहरा सगळ्या मॉडेलांवर उतरवते. मॉडेल तोवर दुसऱ्या शोमधून धावत आलेली असते, आधीचा रंग अंगावर घेऊन. तो पुसायचा, लाल झालेली त्वचा शांत करायची आणि नव्याने सुरुवात करायची. हे सगळं पंधरा-वीस मिनिटांच्या शोसाठी. माझी नवरी पहाटे देवक बसण्याच्या आधी माझ्यापुढे बसते, आणि रात्री रिसेप्शनची रांग संपेपर्यंत तिचा चेहरा नीट राहावा लागतो. मधल्या वेळात हळदीचे हात, होमाचा धूर, अक्षता, विहिणींची पंगत, आणि सासरी निघतानाचं रडणं.

म्हणून सीझनचे रंग मी फारसे मनावर घेत नाही. मार्च २०२२ मध्ये व्हॅलेंटिनोच्या शोमध्ये डिझायनर पियरपाओलो पिच्चोलीने भिंतींपासून बुटांपर्यंत जवळजवळ सगळं एकाच झळझळीत गुलाबीत रंगवलं, आणि पुढची दोन वर्षं रिसेप्शनला त्या राणी रंगाचे लेहंगे धो-धो आले. बघायला मला मनापासून आवडले. पण रंग येतात आणि जातात. मी रनवेवर बघते ते त्या हाताने त्वचेला कसं वागवलंय ते. ती झाकली, की तिच्यातूनच काही काढलं? माझ्या पेटीत आज ज्या वस्तू आहेत, त्या याच एका कसोटीवर राहिल्या आहेत: लावल्यावर नवरीचा स्वतःचा रंग शिल्लक राहतो का.

या बाबतीत २५ जानेवारी २०२४ ची रात्र माझ्यासाठी फार मोठी. मेझों मार्जिएलाचा कुट्यूर शो, डिझायनर जॉन गॅलियानो, जागा सेन नदीवरच्या अलेक्झांडर तिसरा पुलाखालची. बाहेर पौर्णिमा. मॉडेल आल्या त्या जुन्या चिनी मातीच्या बाहुल्यांची झिलई चेहऱ्यावर घेऊन. कुठे पावडर नाही, कुठे तेलकटपणा नाही, नुसता एक गुळगुळीत, कडक चकाकणारा पापुद्रा. हे काम मेकअप आर्टिस्ट पॅट मॅकग्राचं. जगभरचे मेकअप करणारे कितीतरी दिवस तर्क लढवत होते की लावलंय काय. मग तिने स्वतःच सगळ्यांसमोर करून दाखवलं. बाजारात मिळणारे, वाळले की सोलून काढायचे साधे फेस मास्क, ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ केलेले, आणि एअरब्रशने थरावर थर दिलेले. प्रत्येक थर वाळवून मगच पुढचा. अशा मास्कमध्ये पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असतं, ते पाणी उडून गेल्यावर चेहऱ्यावर पारदर्शक पातळ पडदा धरतं. प्रकाश त्या पडद्यावरून परावर्तित होतो, म्हणून ती काचेची चमक. वर्षभराने, जानेवारी २०२५ मध्ये, तिने ‘ग्लास ००१’ नावाचा तसा तयार मास्कच विक्रीला आणला.

त्या सीझनला ट्रायलला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलीच्या फोनमध्ये ते फोटो होते. “ताई, ग्लास स्किन हवी.” मी आधी विचारायची, कुठली? कारण त्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी फिरत होत्या. एक कोरियन पद्धतीची, जिच्यात त्वचेला आठवडे-महिने ओलावा देऊन ती तुकतुकीत केली जाते, मेकअप जेमतेमच. आणि दुसरी ही मार्जिएलाची, पडद्याची. दुसरी मांडवात उभी राहू शकत नाही. हसलं की ओठांच्या कोपऱ्यांशी पडदा सुटणार, घाम आला की खालून फुगणार. पण त्या कामातला एक धडा मी कायमचा घेतला: थर पातळ असावेत आणि प्रत्येकाला बसायला वेळ द्यावा. बेस मी आता एकदम थापत नाही. अगदी थोडा, ओल्या स्पंजने दाबत दाबत. मग नवरीच्या केसांकडे वळायचं, खोप्याची जुळवाजुळव करायची, आणि परत येऊन जिथे गरज आहे तिथेच दुसरा थर. कपाळाच्या मध्यावर, नाकाच्या बाजूंना, हनुवटीवर. गालाच्या बाहेरच्या भागावर बऱ्याचदा दुसरा लागतच नाही. संध्याकाळी फोटोत जी त्वचा जिवंत दिसते, ती तिथे, जिथे मी कमी लावलेलं असतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे येते.

मेकअप निम्मा झाला की खोलीचं दार उघडतं आणि नवरीची मावशी किंवा आत्या आत डोकावते. दोन मिनिटं बघते. मग माझ्या कानाशी येऊन, पण नवरीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणते, “जरा उजळ करा हं.” मुलगी आरशात बघत असते, काही बोलत नाही. मला त्या क्षणी आत कुठेतरी तुटतं. दोन शेड उजळ फाउंडेशन लावणं अवघड नाही, कुणीही करेल. पण मग अंतरपाट धरल्यावर, हिरव्या चुड्यातले गहूवर्णी हात हार घालायला वर येतात आणि वरचा चेहरा कुणा भलत्याच मुलीचा दिसतो. फोटोग्राफरचा फ्लॅश पडला की तो आणखी पांढराफटक होतो, कारण उजळ फाउंडेशनमधलं टायटॅनियम डायऑक्साइड आणि वरच्या पावडरीतला सिलिका दोन्ही प्रकाश फेकतात. मी मावशींना हाताला धरून खिडकीशी नेते. शालूचा पदर नवरीच्या खांद्यावर टाकते. “मावशी, हा कुंकवाचा लाल गोऱ्या रंगावर नुसता लाल दिसला असता. हिच्या रंगावर कसा पेटलाय बघा.” बहुतेक मावशा बघतात. बघितल्यावर त्यांना दिसतं. त्यांचंही वाईट वाटतं मला, कारण त्यांच्या लग्नात त्यांना कुणी खिडकीशी नेलेलं नसतं. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये आली, २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं. मधल्या पंचेचाळीस वर्षांत ज्या मुली मोठ्या झाल्या, त्याच आज दारातून डोकावतात.

हे फक्त आपल्याच घरातलं नाही. रनवेच्या मागेही तेच चालू होतं. २०१५ मध्ये दक्षिण सुदानची मॉडेल नायखोर पॉल हिने जाहीरपणे विचारलं की शोला येताना गोऱ्या मॉडेल रिकाम्या हातांनी येतात, मग माझा मेकअप मीच का आणायचा? जगातल्या सर्वात श्रीमंत फॅशन घरांच्या मेकअप टेबलांवर तिच्या रंगाची बाटली नव्हती. २०१७ मध्ये गायिका रिहानाचं फेंटी ब्यूटी एकदम फाउंडेशनच्या ४० शेड घेऊन आलं आणि सगळ्यात गडद शेड पटापट संपल्या, तेव्हा कुठे बाकीच्या कंपन्यांनी आपले डबे मोजायला सुरुवात केली. मी कामाला लागले तेव्हा आमच्याकडच्या घाऊक दुकानात शेडची पट्टी ‘बेज’पाशी संपायची. त्याच्या पुढे एक लालसर तपकिरी असायचा, तो आपल्या पिवळसर-ऑलिव्ह त्वचेवर लावला की तासाभरात राखाडी. राखाडी नवरी ज्याने एकदा बघितली, त्याला अंडरटोन, म्हणजे त्वचेच्या रंगाखालची झाक, काय असते हे शिकवावं लागत नाही.

म्हणून रनवेवर तपकिरी त्वचा तिच्या स्वतःच्या रंगात चालत येते तेव्हा मी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा बघते. माझ्या पिढीला हे पहिल्यांदा दाखवलं उज्ज्वला राऊतने. आपली मराठी मुलगी, १९९६ ची फेमिना लुक ऑफ द इयर, आणि मग पॅरिस-मिलानचे रनवे. तिचे फोटो मासिकांतून कापून मी वहीत चिकटवायची. तिला कुणी उजळ केलेलं नव्हतं. तिची गालफडं, तिचा गडद रंग, सगळं जसंच्या तसं आणि डोळ्यांत भरणारं. आणि आता, २ डिसेंबर २०२५ ला न्यूयॉर्कच्या बॉवरी भुयारी स्टेशनात शनेलचा शो झाला, त्यात सर्वात पहिली चालत आली हैदराबादची भाविता मंडवा. शनेलचा शो उघडणारी पहिली भारतीय मॉडेल. जीन्स, साधा झिपचा स्वेटर, आणि चेहरा इतका हलका ठेवलेला की मेकअप आहे की नाही असा प्रश्न पडावा. तिच्या आई-वडिलांनी घरी टीव्हीवर तिला बघितलं आणि आईला भरून आलं, तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. लगीनसराई जोरात होती. मी तो एका नवरीला आणि तिच्या आईला मेकअपच्या मध्येच दाखवला. दोघींनी तो शेवटपर्यंत बघितला, मग आई म्हणाली, “हिचा रंग आमच्या हिच्यासारखाच आहे की.” त्या दिवशी दारातून कुणी काही सांगायला आलं नाही.

थोडं विषय सोडून, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. रनवे आपल्याकडून घेतो तेव्हा नाव घेतो का, याकडेही मी बघते. ३० मार्च २०२३ ला दिओरने मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला, तेव्हा तिथे उभारलेलं भरतकामाचं भव्य तोरण मुंबईच्या चाणक्य कार्यशाळेतल्या कारागिरांचं आहे हे सांगितलं गेलं. त्यातले बरेचसे हात तिथल्या शाळेत शिकलेल्या बायकांचे. उलट जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या पुरुषांच्या शोमध्ये अंगठ्याची चामडी चप्पल आली आणि कोल्हापूरचा उल्लेखच नाही. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. आपल्याकडून आवाज उठला, प्राडाने मूळ मान्य केलं, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली, आणि वर्षाअखेर दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. बोललं की होतं.

काजळाचं नाव मात्र कोण घेणार? पॅरिसला दर एक-दोन सीझनांनी डोळ्यांखाली पसरलेलं काळं परत येतं, रात्रभर जागून आल्यासारखं. मला ते बघताना आजीचं ताम्हन दिसतं. एरंडेलाची वात, वर आडवं धरलेलं तांब्याचं ताम्हन, रात्रभरात त्यावर धरलेली मऊ काजळी. सकाळी ती खरवडून तुपात कालवायची आणि करंगळीने डोळ्यात घालायची. ती पसरायचीच, कारण तूप अंगाच्या उष्णतेने विरघळतं, आणि तो पसरलेपणा हीच तिची शोभा होती. (सुरमा हा वेगळा प्रकार, त्यात पूर्वापार गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज वापरलं जातं. तो मी नवरीच्या डोळ्याला लावत नाही, कुणी कितीही जुना आणि अस्सल म्हणून आणून दिला तरी.) आजच्या पेन्सिलीत मेण आणि लवकर उडून जाणारी द्रव्यं असतात. ती उडाली की काळ्याचा पडदा बसतो आणि हलत नाही. पण बसायला त्याला मिनिटभर लागतं, तेवढ्यात नवरीने डोळे मिचकावले तर सगळं वरच्या पापणीवर छापलं जातं.

मांडवात काजळाची खरी परीक्षा होमाशी असते. तूप, समिधा, लाजाहोमाच्या लाह्या. धूर नवरीच्या तोंडावर आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा. खालच्या पापणीच्या आतल्या कडेला काजळ भरलं असेल तर ते अश्रूंबरोबर गालावर उतरणारच, पेन्सिल कितीही भारी असो. म्हणून मी काळं सगळं वर ठेवते. वरच्या पापणीच्या मुळांत, केसांच्या मधल्या जागा भरत, आरशात बघायला लावून, पापणी बोटाने किंचित उचलून. खालच्या कडेला फक्त बाहेरच्या कोपऱ्यापासून एक तृतीयांश भागापर्यंत, आणि तेही पापण्यांच्या बाहेर, तपकिरी पावडरीने दाबून. डोळा तेवढाच काळाभोर दिसतो. रडली तरी वरचं काळं जागेवर राहतं. ही युक्ती मला रनवेच्या मागच्या व्हिडिओंतून मिळाली. तिथे मॉडेलचा डोळा लायनर न दिसता गडद करायला हेच करतात.

हळदीबद्दल रनवे मला काही शिकवू शकत नाही, ते आपलं आपणच शिकायचं. आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी उष्टी हळद लागलेली असते. भांगाची कड, कानामागचा खळगा, मान, नखांच्या कडा पिवळ्याधमक. त्यावर थेट बेस लावला तर चेहऱ्याचे दोन रंग दिसतात. घरातलं कुणीतरी नवरीला साबणाने घासायला लावतं, आणि तिथेच घोटाळा होतो, कारण हळद क्षारात लाल होते. पांढऱ्या सदऱ्यावरचा आमटीचा डाग साबण लावला की तांबडा पडतो ते यामुळेच. (आपलं जुनं कुंकूही याच गुणावर बनतं, हळकुंडाला क्षाराची जोड देऊन. सोलापूर जिल्ह्यातलं केम गाव अख्खं त्याच्यासाठी ओळखलं जातं.) हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. तर आधी कोमट खोबरेल किंवा क्लिन्झिंग बाम, दोन मिनिटं हलक्या हाताने चोळून मऊ कापडाने टिपायचं, मग सौम्य फेसवॉश. जो पिवळा उरतो तो मी पुसायचा प्रयत्न करत नाही. बेसची शेड त्याच्याकडे थोडी झुकवते. हळद लागलेल्या मुलीच्या त्वचेला एक ऊब असते, ती ठेवण्यासारखी असते.

बाकीच्या आवडत्या वस्तू झटपट सांगते. डोळ्यांखालच्या काळ्या-निळ्यासाठी केशरी करेक्टर, कन्सीलरच्या आधी, अगदी पातळ. निळ्यावर केशरी पडलं की दोन्ही एकमेकांना मारतात, मग वर राखाडी येत नाही. २०१५ मध्ये टेक्सासमध्ये वाढलेल्या दीपिका मुत्यालाने लाल लिपस्टिक डोळ्यांखाली लावून हे दाखवलं होतं आणि तो व्हिडिओ जगभर गाजला. तिने पुढे स्वतःची कंपनी काढली ती आपल्यासारख्याच रंगांसाठी. बेससाठी क्रायोलानची टीव्ही पेंट स्टिक अजून हातातून सुटत नाही. बर्लिनची कंपनी, १९४५ पासूनची, नाटकवाल्यांची लाडकी. जाड असते, पण तळहाताच्या मागच्या बाजूला सुरीने काढून, बोटाने गरम करून घेतली की लोण्याएवढी मऊ होते, आणि तिच्यात पिवळे अंडरटोन खरोखरीचे पिवळे आहेत. पावडर फक्त टी-झोनला, म्हणजे कपाळ, नाक आणि हनुवटीला, तीही पफने दाबून, ब्रशने उडवून नाही. गालाला क्रीम ब्लश, विटकरी, पावडरीच्या आधी. फिका बेबी पिंक आपल्या गालावर खडूचा दिसतो. ‘न्यूड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या फिक्या लिपस्टिकी मी पेटीतून काढून टाकल्या. आपला न्यूड म्हणजे दालचिनी, वीट, काथ. दरवर्षी वर्षाचा रंग जाहीर करणाऱ्या पँटोनने २०२५ चा रंग म्हणून मोका मूस हा तपकिरी निवडला आणि तपकिरी ओठ परत आले, त्याचा मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

नवरीच्या ओठांना मात्र लाल. आणि इथे नथ आली. मराठी नवरीच्या मेकअपमध्ये नथीइतकी अडचणीची आणि तितकीच सुंदर वस्तू दुसरी नाही. ती नाकपुडीतून उतरून वरच्या ओठाच्या डाव्या टोकावर टेकते, आणि बोलताना, हसताना, मोत्यांचा झुपका ओठाला सतत घासतो. ग्लॉस लावला तर दहा मिनिटांत मोती लाल. क्रीमी लिपस्टिकचीही तीच गत. म्हणून माझी निवड मॅकची रुबी वू. १९९९ पासूनची शेड, निळसर झाक असलेला लाल, इतकी कोरडी की लावताना ओढ बसते. आधी ओठांना बाम लावून पुसून घ्यायचा, लायनरने पूर्ण ओठ भरायचे, मग ही, टिश्यूने टिपायची, पुन्हा ही. नथ घातल्यावर तिच्याखालच्या जागेवर पारदर्शक पावडर कापसाच्या काडीने. निळसर लालामुळे दात पांढरे दिसतात आणि हळदीचा पिवळेपणा मळकट न दिसता सोनेरी वाटतो. ज्यांच्या त्वचेत तांबूस झाक जास्त आहे, त्यांना मी यात थोडी विटकरी मिसळते.

मार्चमध्ये पॅरिसचे पुढच्या थंडीचे कपडे येतील, त्या वेळी मी फाल्गुनातल्या मुहूर्तांत अडकलेली असेन, तेव्हा ते रात्री प्रवासात, फोनवर, मिळेल तसे बघेन. कुठल्या शोमध्ये कुणाच्या त्वचेला कसा हात लावलाय ते वहीत टिपून ठेवीन. वैशाखातल्या मुलींच्या ट्रायल त्यानंतर लगेच सुरू होतात. त्यांना माझं आतापासून सांगणं: ट्रायलला सकाळी या, दिवे लागायच्या वेळी नको. चेहऱ्यावर काही न लावता या. येताना शालू आणा, निदान ब्लाउजचा तुकडा तरी, आणि नथ आणाच, जी लग्नात घालणार तीच. मावशींना यायचं असेल तर त्यांनाही घेऊन या, खिडकीशी दोन खुर्च्या आहेत.